नव्वद पावलांचे प्रकरण

हे प्रकरण एका गल्लीचे आहे. पर्वरीला हायवेच्या पूर्वेकडून सुकूरच्या बाजूला ज्या लहान-लहान वाटा उतरतात, त्यांतली ही एक. तिचे नाव मुद्दाम देत नाही. नाव दिले तर उद्या आणखी चार गाड्या वाट शोधत येतील.

मी या गल्लीत बावीस वर्षे राहतो आणि पणजीला एका बँकेत नोकरी करतो. हे टिपण लिहायला घेतले तेव्हा वाटले होते, दोषी कोण ते मला आधीच ठाऊक आहे. पुढे वही भरत गेली तशी पंचाईत होत गेली.

आधी जागा. गल्लीचे डांबर मी पोलादी टेपने मोजले आहे: ३.४ मीटर. एका अंगाला चिऱ्यांची जुनी भिंत, दुसऱ्या अंगाला गटार, त्यावरच्या लाद्या निम्म्या फुटलेल्या. साधी लहान मोटारसुद्धा आरसे मिटून १.७ मीटरच्या आसपास भरते, म्हणजे दोन मोटारी समोरासमोर आल्या तर हिशेब कागदावरही बसत नाही. जुन्या घरातल्या आंटींच्या फाटकापासून माझ्या फाटकापर्यंत नव्वद पावले. मधे एक वळण, आणि वळणावर आंब्याची फांदी आलेली असल्यामुळे पलीकडचे काहीच दिसत नाही. वर हायवे, खाली गावचा रस्ता. तोच गावचा रस्ता पुढे फिरून परत हायवेला मिळतो, आणि सगळी गोम या मिळण्यात आहे.

पर्वरी म्हणजे मूळचा सडा, उघडे कातळी पठार. १९७० साली मांडवीवर पूल झाला आणि या सड्याला पणजीचे अंगण होण्याचा योग आला. १९८६ हे साल इथल्या जुन्या माणसांना दोन कारणांनी आठवते. एप्रिलमध्ये ओ कोकेरो या हॉटेलात मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंड्यांनी चार्ल्स शोभराजला पकडले, आणि ५ जुलैला मांडवीचा पूल कोसळला. नवा पूल व्हायला १९९२ उजाडले. आमच्या वरच्या घरातले भाई तेव्हा तरुण होते, सरकारी नोकरीत नुकतेच लागलेले. बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत किती सकाळ काढल्या ते ते अजून रंगवून सांगतात. ‘वेळ लागायचा, पण चिडचिड नव्हती रे,’ असे ते म्हणाले की आंटी लगेच म्हणतात, ‘चिडचिड होती भाई. हॉर्न नव्हते.’

पुढचे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाले. २००० साली विधानसभा पर्वरीच्या टेकडीवर आली, सचिवालय आले, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाची नवी इमारत आली. जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळ सुरू झाला आणि पणजी-म्हापसा या नेहमीच्या धावपळीत बॅगा घेतलेल्या टॅक्सी मिसळल्या. त्यावर कळस म्हणून २०२४ पासून हायवेवरच सुमारे पाच किलोमीटरच्या सहा पदरी उड्डाणरस्त्याचे काम. खांबांसाठी मधली जागा पत्र्यांनी बंद झाली. रस्ता आज इकडून तर उद्या तिकडून. २०२५ च्या मार्चमध्ये खाप्रेश्वराचे देवस्थान आणि वड हलवण्यावरून वातावरण तापले तेव्हा उभ्या गोव्याने पर्वरीकडे पाहिले. एरवी आमची धूळ आम्हीच खातो.

पत्रे उभे राहिले आणि त्याच पावसात गल्लीचे नशीब फिरले. आधी स्कूटरी आल्या. पर्वरीहून पणजीला स्कूटरने जाणाऱ्याला मांडवीवरच्या अटल सेतूवर मज्जाव. तो सेतू दुचाक्यांना आणि रिक्षांना नाही. त्यामुळे हायवेच्या चिखलातून जुन्या पुलापर्यंत सरपटण्यापेक्षा आडवाट बरी, हे त्यांचे म्हणणे मला पटते; मीही स्कूटरवालाच. मग मोटारी आल्या. पहिल्या आठवड्यात काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली एक भाड्याची गाडी माझ्या फाटकाशी थांबली आणि आतल्या पुण्याच्या गृहस्थांनी विचारले, ‘बागाला हाच रस्ता ना?’ बागा पश्चिमेला, त्यांचे तोंड पूर्वेला. मोबाइलमधली बाई त्यांना ठामपणे सांगत होती की सरळ चला. मी वळवून पाठवले तर ते पाच मिनिटांनी परत आले, कारण बाई ऐकत नव्हती.

गुंता कसा होतो ते नीट सांगायला हवे. बाहेरच्याला वाटते की दोन गाड्या आल्या, एकाने मागे घ्यावी, संपले. पण वळणावर दोन मोटारी नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या की तीस सेकंदांच्या आत दोन्हींच्या मागे स्कूटरी येऊन लागतात. स्कूटरवाला दोन मोटारींतल्या फटीपर्यंत पुढे घुसतो, कारण स्कूटर म्हणजे पाणी, फट दिसली की शिरते. आता मागे घ्यायची तर आधी सात-आठ स्कूटरींना मागे सरकायला हवे, आणि त्यांच्या मागे तोवर तिसरी मोटार आलेली असते. म्हणजे कोणी हटवादी असलाच पाहिजे असे नाही. सगळे शहाणे असले तरी गाठ बसते. हॉर्न हा गाठ सोडवण्याचा उपाय नव्हे हे प्रत्येकाला माहीत असते आणि प्रत्येक जण तो वाजवतो. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा आमचा पोदेर आपला रबरी भोंपू वाजवत यायचा. आता तो भोंपू ऐकू येत नाही म्हणून घराघरांत त्याने फोन नंबर देऊन ठेवला आहे. पाव आला की मिस्ड कॉल.

पोरांना नेणारा बालरथ, म्हणजे शाळेची बस, वळणावर दोनदा अडकला, तेव्हापासून तो खालच्या रस्त्यावरच थांबतो. पोरे दप्तरे घेऊन नव्वद पावले गाड्यांच्या मधून चालत जातात. खरे तर इथेच मामला गंभीर झाला. आधीचे सगळे कटकट या सदरात जमा होते.

मग सुरू झाले उपाय. व्हॉट्सॲपवर गट निघाला आणि पहिल्याच संध्याकाळी निदान होऊन गेले: हे सगळे भायल्यांमुळे, म्हणजे बाहेरच्यांमुळे. काळ्या पाटीवाले, एमएच-वाले, केए-वाले. मीही तिथे अंगठा वर केला.

पहिला उपाय कुंड्यांचा. क्रोटनच्या सहा मोठ्या कुंड्या आणि दोन-दोन चिरे रचून केलेले खांब गल्लीच्या वरच्या तोंडाशी ठेवले, स्कूटर जाईल इतकी फट सोडून. दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी गॅसचा टेंपो आला, ड्रायव्हरने कुंड्यांकडे पाहिले आणि सांगितले की सिलिंडर इथून घेऊन जा. भाईंचे वय बहात्तर. कचरा उचलणारी पंचायतीची रिक्षाही तिथूनच परतली आणि ऐन पावसात तीन दिवसांचा ओला कचरा दारात राहिला. कुंड्या कुणी हटवल्या ते कुणी कबूल केले नाही, पण त्या सकाळी प्रत्येकाच्या हाताला माती होती.

दुसरा उपाय पाटीचा: ‘खासगी रस्ता. रहिवाशांखेरीज प्रवेश बंद.’ पाटी मीच रंगवून आणली. पंचायतीच्या सचिवांनी बोलावून शांतपणे विचारले, या खासगी रस्त्याचे डांबर कुणी घातले? डांबर सरकारी पैशाचे होते. ते घालून मिळावे म्हणून केलेल्या अर्जावर आमच्याच सह्या. वाहतूक अडवायची, एकेरी करायची किंवा चिन्हाची पाटी लावायची तर मोटर वाहन कायद्याच्या ११५ आणि ११६ या कलमांचा मामला. आमच्याकडे त्याची अधिसूचना जिल्हाधिकारी काढतात. मी आणि रंगारी मिळून नाही. पाटी उतरवून गच्चीवर ठेवली. तिच्यावर आता सोले, म्हणजे कोकमाची साले, वाळतात.

तिसऱ्या उपायात कोणाचे तरी हाड मोडले असते. वरच्या अंगाच्या दोन पोरांनी रात्री सिमेंट कालवून वळणाआधी गतिरोधक घातला. माझा भाचा फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकतो. त्याने रविवारी येऊन तो पाहिला आणि डोक्याला हात लावला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी त्यावरून सुखरूप जाते. आमचा जेमतेम फूटभर रुंद आणि अर्धा फूट उंच. ‘मामा, हा गतिरोधक नव्हे, ही वंय आहे,’ तो म्हणाला. वंय म्हणजे कुंपणाची भिंत. मंगळवारी मासे विकायला येणाऱ्याची स्कूटर तिथे आडवी झाली. त्याला खरचटले तेवढेच, पण पेटीतले बांगडे गटारात गेले. गटाने वर्गणी काढून त्याचे पैसे भरले आणि त्याच पोरांकडून छिन्नीने ते सिमेंट फोडून घेतले.

या सगळ्यात एक संध्याकाळ मात्र वेगळी गेली, आणि ती कुठल्याच उपायात बसत नसली तरी सांगतो. ६ सप्टेंबर २०२४, चतुर्थीचा आदला दिवस. भाईंचा मुलगा पाटावर गणपती घेऊन खालून चालत येत होता आणि नेमकी वळणावर गाठ बसलेली. पुढच्या स्कूटरवाल्याने मूर्ती पाहिली, इंजिन बंद केले आणि स्कूटर भिंतीला टेकवली. मागच्याने तेच केले. मोटारवाल्यांनी आरसे मिटले. नव्वद पावले एकही हॉर्न नाही. फक्त आरतीआधीच पोरांचे ‘मोरया’. मूर्ती फाटकातून आत गेली आणि मागे पुन्हा सुरू. बहुधा देवाचा विसर पडला म्हणून नव्हे, रात्रीच्या माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचे, सामान प्रत्येकालाच घ्यायचे होते.

दिवाळीनंतर मी वही घेतली. एक आठवडा सज्जात बसून खुणा मारल्या: पाचाची एक जुडी, जशी हिशेबाच्या वहीत मारतात. बँकेतल्या माणसाला खुणा मारायला दिल्या की तो शांत होतो. आठ ते साडेनऊपर्यंत बसायचो आणि त्या आठवड्यात रोज उशिरा कामावर गेलो.

पहिला धक्का पाट्यांचा. काळ्या पाट्या आल्या त्या शनिवारी-रविवारी, त्याही उन्हे वर आल्यावर. एमएच आणि केए मिळून हाताच्या बोटांवर. सकाळच्या गर्दीत ज्या गाड्या गल्ली तुंबवत होत्या त्यांच्यावर जीए-०३, म्हणजे आमच्याच बार्देश तालुक्याच्या, आणि त्याखालोखाल जीए-०७, म्हणजे पणजीच्या. पणजीला कामाला जाणारे, पोरांना सोडणारे, कोर्टात जाणारे वकील. गुरुवारी त्यांतली एक पांढरी गाडी ओळखीची वाटली. माझ्या मेहुण्याची होती. तो तोर्ड्याला राहतो आणि व्हॉट्सॲपवर भायल्यांविरुद्ध सर्वांत कडक संदेश त्याचेच असतात. मी हात केला. त्याने न पाहिल्यासारखे केले.

दुसरा धक्का आत बसलेल्यांचा. मोटारीत माणसे किती याचा वेगळा रकाना केला होता. त्यात ‘१’ लिहून लिहून पेन्सिलीचे टोक झिजले. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि रस्त्यावर नोंदलेली वाहने आज जवळजवळ माणसांच्या बरोबरीने आहेत, हे वर्तमानपत्रात वाचून सोडून द्यायचे वाक्य. सज्जातून ते वाक्य ओळीने जाताना दिसते. ही सारी माणसे म्हापसा-पणजीच्या कदंब शटलमध्ये बसली तर किती बसगाड्या लागतील, असा हिशेब मी एका पानावर मांडून ठेवला आहे. तो इथे देत नाही, कारण मी स्वतः त्या शटलने जात नाही. संध्याकाळी परतीच्या रांगेत उभे राहायचा मला कंटाळा येतो.

तिसरा धक्का मात्र घरचा निघाला. त्या आठवड्यात अकरा गाठी बसल्या. जिथे बसल्या तिथे नकाशावर फुली मारत गेलो. अकरापैकी नऊ फुल्या एकाच जागी: माझ्या फाटकाच्या खालच्या बाजूला, जिथे भिंत जराशी आत गेली आहे. पूर्वी समोरून गाडी आली की लोक तिथे बगल देत. नव्वद पावलांत तेवढी एकच जागा होती, आणि त्या जागेवर माझी मोटार उभी असते.

ती तिथे का, याचे कारण सरळ आहे. उच्च न्यायालय इकडे आले त्या वर्षी मी गॅरेजला शटर बसवून ते झेरॉक्स आणि टायपिंगवाल्याला भाड्याने दिले. भाडे बरे येते. गाडी बाहेर, भिंतीच्या आतल्या अंगाला, ‘कुणाला अडचण नाही अशी’ लावली. तीन वर्षे कुणाला झालीही नाही, कारण समोरून कुणी येतच नव्हते. दिवसा झेरॉक्सवाल्याची गिऱ्हाईकेही आपल्या स्कूटरी तिथेच टेकवतात. आमच्या गल्लीतल्या चार इमारतींपैकी तिघांनी खालची पार्किंगची जागा या ना त्या नावाने भाड्याने दिलेली आहे. मी काही वेगळे केले नाही, एवढेच स्वतःला सांगून पाहिले. बायको म्हणाली, ‘वहीत लिहा ते. प्रामाणिकपणे मोजता ना?’

गाडी हलवली. आंटींच्या घरामागे माडांखाली जागा आहे, तिथे महिना हजार रुपयांवर ठरले. पहिल्या दिवसापासून फरक. गाठ बसेना. समोरून गाडी आली की एक जण बगल देतो, हात वर करतो, दुसरा जातो. बालरथवाल्याला सांगितले, तो परत वर येऊ लागला. गटात माझे कौतुक झाले. हार घालायचा तेवढा बाकी ठेवला. मी ते निमूट स्वीकारले, हे कबूल केलेले बरे.

तीन आठवड्यांनी सहज म्हणून पुन्हा सज्जात बसलो. त्याच वारी, त्याच दीड तासात खुणा दीडपटीच्या घरात गेल्या होत्या. भाच्याने कारण सांगितले आणि ते इतके साधे की आधी सुचले नाही याची लाज वाटली. नकाशावाले ॲप आपल्या फोनच्या हालचालीवरून कुठल्या वाटेने किती वेळ लागतो ते ओळखते. गल्लीत गाठी बसत होत्या तोवर त्या वाटेला उशीर दिसायचा आणि ॲप निम्म्या लोकांना हायवेवरच ठेवायचे. गाठ सुटली, वाट मोकळी दिसली, त्याने आणखी लोक पाठवले. म्हणजे इतके दिवस पर्वरीची निम्मी गर्दी माझ्या जुन्या मोटारीने थोपवून धरली होती आणि मीच बांध फोडला.

शिवाय वेग वाढला. ‘आधी उभ्या असायच्या, आता पळतात,’ आंटी म्हणाल्या, ‘उभी गाडी कोंबडीला मारत नाही.’ दोन कोंबड्या गेल्या. भाईंच्या मोटारीचा आरसा गेला, तोडणारा थांबला नाही. पोदेर आता खालीच सायकल लावून चालत वर येतो.

ग्रामसभेत प्रश्न घेतला. सकाळी साडेआठ ते साडेनऊ फक्त उताराच्या दिशेने एकेरी करावी, तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, असा माझा प्रस्ताव. सोबत वही, फुल्यांचा नकाशा, सगळे. वरच्या अंगाचे लोक राजी होते. खालच्या अंगाच्यांचा विरोध, कारण त्यांना त्याच वेळी वर हायवेला यायचे असते, आणि त्यांनी विचारले की मग त्यांनी जायचे कुठून? याला माझ्या वहीत उत्तर नव्हते. आमच्या पंचांनी दोन्ही बाजूंना मान डोलावली. निवडणुकीत मते दोन्ही अंगांना असतात. ठराव ‘अधिक अभ्यासासाठी’ राहिला. मानकाप्रमाणे गतिरोधकाची मागणी मात्र बांधकाम खात्याकडे गेली आहे, रुंदी-उंचीसकट.

तोवर भाईंनी मांडलेला विचार मला आधी वेडेपणाचा वाटला होता. ते म्हणाले, ‘तुझी गाडी परत लाव.’ मी म्हटले, भाई, रस्त्यात अडचण होईल अशी गाडी लावणे हा गुन्हा आहे, वाहतूक पोलीस तालांव, म्हणजे दंडाची पावती, देईल. ते म्हणाले, पोलीस सगळे हायवेवर पत्र्यांशी उभे आहेत, तुझ्या गल्लीत तालांव द्यायला यायला त्यांनाही या गाठीतूनच यावे लागेल. यावर मला उत्तर सुचले नाही. कायद्याने ते चुकीचे, हे मी आजही म्हणतो.

पण शनिवारी, बालरथ नसतो तेव्हा, मी गाडी भिंतीला लावून पाहिली. दुपारपर्यंत गल्ली जुनी झाली: दोन गाठी बसल्या, त्यांचे हॉर्न झाले, आणि मग तास-दीड तास कुणीच आले नाही. आंटींच्या उरलेल्या कोंबड्या रस्त्यात फिरल्या. सोमवारी गाडी पुन्हा माडांखाली.

आता असे चालले आहे. चावी दाराजवळच्या खुंटीवर असते. पावणेआठला भाईंचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट विचारतात, ‘आज बाहेर, की आंटीकडे?’